लष्करातली एखादी जुनी छत्री: ओळखावी कशी, वाचावी कशी, नोंदवावी कशी

ग्वाल्हेरला पाहुणे आले की त्यांना दाखवायची यादी ठरलेली असते. किल्ला, जयविलास, गुजरी महाल, जमलंच तर फूलबाग आणि तानसेन. लष्कर हा शहराचा भाग मात्र त्या यादीत बाजारहाटापुरता येतो. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून राजधानी इथे हलवली, फौजेचा तळ पडला, त्या तळाचंच पुढे शहर झालं. सरदार आले, त्यांचे कारकून, पुरोहित आणि शिलेदार आले. पुढच्या पिढ्या इथेच जन्मल्या आणि इथेच गेल्या. त्यांच्या छत्र्या (म्हणजे मृताच्या आठवणीसाठी बांधलेल्या घुमटी), समाध्या आणि वृंदावनं देवळांच्या मागे, बागांच्या कोपऱ्यात किंवा बाजाराच्या गर्दीत अजून उभी दिसतात. छत्री मंडी हे नाव तर आपण रोज घेतो. पण यातली एखादी कोणाची, असं विचारलं की उत्तर येतं, “किसी सरदार की है.”

कोणत्या सरदाराची, हे नीट कागदावर यावं यासाठी हा लेख आहे. पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. मोबाइल, वही, मोजपट्टी, एक टॉर्च आणि दोन-चार सकाळी पुरतात.

एक शिस्त मात्र पहिल्या पानापासून पाळावी लागते. वहीत तीन रकाने आखा: डोळ्यांना दिसलं, दगडावर वाचलं, लोकांनी सांगितलं. हे तिन्ही कधीही एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. छत्रीत पिंड आहे, हे पहिल्या रकान्यात जाईल. शके अमुक, हे दुसऱ्यात. “ही फाळक्यांची म्हणतात” हे तिसऱ्यात, आणि कोणी, कधी सांगितलं तेही शेजारी. जुन्या वास्तूंबद्दलचा बहुतेक घोळ ऐकलेली गोष्ट वाचलेली म्हणून छापली गेल्यानं झालेला असतो. एकदा असं छापलं की पुढचे सगळे तेच उतरवून घेतात.

आधी हात कुठे बसवायचा

सुरुवात अनोळखी छत्रीपासून करू नका. ज्याची उत्तरं आधीच माहीत आहेत अशा ठिकाणी सराव करा. ग्वाल्हेरातच, हजिरा भागात, सूफी संत मोहम्मद घौस यांची कबर आहे. चौरस इमारत, कोपऱ्यांना षट्कोनी मनोरे, दगडी जाळ्या अशा की त्यांच्यासमोर तासभर सहज जावा. घौस हिजरी ९७० मध्ये, म्हणजे इ.स. १५६२-६३ च्या सुमारास वारले. त्याच आवारात तानसेनची लहानशी, खांबांवरची उघडी समाधी आहे आणि शेजारी चिंचेचं झाड. त्याची पानं चघळली की गळा गोड होतो, ही गोष्ट तिसऱ्या रकान्यात लिहा. दोन्ही वास्तू शेजारी शेजारी असल्यानं तुलना आपोआप होते: एकीकडे भव्य घुमट, दुसरीकडे जवळजवळ काहीच नाही. माणसाची कीर्ती आणि त्याच्या कबरीचा आकार यांचा संबंध जोडायची सवय इथेच सुटते.

दुसरा सराव फूलबागेत, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी. तिथल्या तारखेकडे पुढे परत यायचं आहे.

परवानगी आणि वेळ

वास्तू कोणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा. निळा फलक असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा राज्याचं पुरातत्त्व खातं. संरक्षित स्मारकात मोबाइलनं फोटो काढायला सहसा अडचण येत नाही, पण तिपाईला वेगळी परवानगी लागते. काही छत्र्या घराण्याच्या ट्रस्टकडे असतात, काही देवस्थानाकडे, तर काही चक्क एखाद्याच्या अंगणात. अंगणातल्या छत्रीसाठी लेखी अर्ज नको. आधी घरातल्या आजींना नमस्कार करा, कशासाठी आलात ते सांगा, चहा पुढे आला तर नाही म्हणू नका.

जिथे अजून पूजा होते तिथे चपला बाहेर ठेवा, गाभाऱ्याचा फोटो विचारूनच घ्या. शिंद्यांच्या छत्र्यांत दिवंगत राजाच्या मूर्तीची जिवंत माणसासारखी सेवा करायची रीत आहे. शिवपुरीला माधवराव शिंदे आणि त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या छत्र्या समोरासमोर आहेत, तिथे हे चांगलं पाहता येतं. माधवराव १९२५ मध्ये पॅरिसला वारले आणि छत्री मात्र आईसमोर उभी राहिली. छत्री आहे म्हणजे मृत्यू तिथेच झाला असं कधी समजू नका, याला याहून चांगलं उदाहरण नाही.

वेळ सकाळची, ऊन तिरपं असतानाची. मे महिन्यात ग्वाल्हेरात हे काम करू नये. एवढं सांगून पुढे जातो.

समोर नेमकं काय आहे

आधी प्रकार ओळखा, लेख नंतर.

खांबांवर घुमट, आत शिवपिंड, बाहेर नंदी, किंवा आत पादुका: ही मराठा घराण्यांच्या छत्रीची नेहमीची मांडणी. आत प्रेत पुरलेलं नसतं. दहन झालेल्या जागी किंवा अस्थींवर आठवण म्हणून बांधकाम होतं. पिंड आहे म्हणून पुढे कधीतरी तिचं “प्राचीन शिवमंदिर” होतं आणि मूळ माणूस पुसला जातो. हे फार ठिकाणी झालं आहे, म्हणून लहान शिवमंदिराभोवती मोकळी बाग आणि बाजूला आणखी दोन-चार ओटे दिसले तर शंका घ्या. समाधी संन्याशाची किंवा साधूची असेल तर मात्र देह खरोखर खाली असू शकतो, कारण संन्याशाचं दहन करत नाहीत.

चौकोनी ओटा, वर तुळशीची जागा, बाजूला देवळी: हे वृंदावन, बहुधा घरातल्या स्त्रीचं किंवा बैराग्याचं. उभ्या शिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या घातलेला हात, वर सूर्य-चंद्र, तर ती सतीशिळा. बुंदेलखंडाकडे जाताना अशा पुष्कळ भेटतात. शिळेवर एकावर एक चौकटी, खाली लढाई आणि वर शिवपूजा, तर वीरगळ.

मुसलमानी कबरींत एक जुनी खूण उपयोगी पडते. पुरुषाच्या कबरीवर वरच्या बाजूला कलमदानासारखा लांबट उंचवटा कोरतात, बाईची कबर पाटीसारखी सपाट असते. सगळीकडे पाळलेली नसते, म्हणून ही खूण पहिल्या रकान्यात लिहा आणि तिच्या जोरावर निष्कर्ष काढू नका.

गोऱ्यांच्या कबरी मुरारच्या जुन्या छावणीकडे आणि किल्ल्याशी निगडित. इथे इतिहासच तारखेची चौकट देतो. शिंद्यांच्या खर्चानं उभी राहिलेली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ग्वाल्हेर कंटिंजंट फौज मुरारला होती आणि १४ जून १८५७ ला ती उठली. १८५८ पासून किल्ला इंग्रजांकडे राहिला, तो १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात जयाजीरावांना परत मिळाला. अर्धवट पुसलेल्या कबरीवर “१८७” एवढंच उरलं असेल तरी ती या काळात बसते का, हे पाहता येतं. या कबरींवर वय वर्षं, महिने आणि दिवसांत कोरलेलं असतं. तान्ह्या मुलांच्या कबरी वाचताना वेळ लागतो, तो लागू द्या.

लेख वाचणे

पहिला नियम: घासू नका. ग्वाल्हेरचा दगड म्हणजे वालुकाश्म, त्याचे पापुद्रे सुटतात. तारेचा ब्रश, आम्ल, डिटर्जंट, अक्षरांत खडू किंवा पीठ भरणं यातलं काहीही चालणार नाही. धूळ असेल तर मऊ कुंचल्यानं झटका, बस. चुन्याचे थर अक्षरांवर बसले असतील तर तसेच राहू द्या, चुन्याखाली अक्षर टिकतं, खरवडल्यावर नाही.

अक्षर दिसायला हवा तिरपा उजेड. सकाळचं ऊन भिंतीला चाटून जातं तेव्हा दुपारी न दिसलेल्या ओळी उठून येतात. गाभाऱ्यात ऊन पोचत नसेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरा आणि डावीकडून, उजवीकडून, वरून असे वेगवेगळे फोटो घ्या. एका फोटोत जो काना वाटतो तो दुसऱ्यात दगडाची चीर निघते.

लेख ओळीला ओळ उतरवा. दगडावर ओळ जिथे संपते तिथे वहीतही संपवा. शंका असलेलं अक्षर कंसात, गेलेल्या अक्षरांच्या जागी तितके ठिपके. शुद्धलेखन सुधारू नका. कोरणाऱ्यानं “कैलासवाशी” लिहिलं असेल तर तेच लिहा. मराठी घराण्यांचे लेख बहुधा बाळबोध देवनागरीत असतात. मोडी भेटली तर घाबरायचं कारण नाही, पण अंदाजानंही वाचू नका. मोडीत शब्द तोडत नाहीत, डोक्यावरची रेघ सलग जाते, त्यामुळे नवशिक्याला भलतीच नावं दिसतात. चांगला फोटो घेऊन जाणकाराकडे द्या.

फोटोत मोजमापासाठी काहीतरी ठेवा. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर.

तारीख: इथे सगळ्यात जास्त चुकतं

आपल्या गावात एकाच गल्लीत चार कालगणना नांदल्या आहेत, म्हणून इथे थोडं थांबू या.

शके असेल तर ७८ मिळवा. पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, तेव्हा ७९. पानिपतची तिथी घ्या: शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. ७८ मिळवलं तर १७६० येईल. खरी तारीख १४ जानेवारी १७६१. शिंद्यांच्या घराण्याला ही तारीख सांगायला नको, पण गणिताचा सराव म्हणून पाठ करून ठेवा.

विक्रम संवतातून ५७ वजा करा, जानेवारी ते चैत्र असेल तर ५६. लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये पडल्या (कुठे १७, कुठे १८ तारीख देतात), तेव्हा आपल्याकडे शके १७८० आणि संवत १९१५. बडोद्याकडे गुजराती पद्धतीत संवत कार्तिकात बदलतो, म्हणून त्याच दिवशी तिथे १९१४ चालू होता. बडोद्याहून आलेल्या घराण्याच्या कागदात एका वर्षाचा फरक दिसला तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका.

हिजरी वर्षाला ०.९७ नं गुणा, ६२२ मिळवा, साधारण वर्ष हाती येतं. फारसी लेखात आकडाच नसेल तर शेवटच्या ओळीतल्या अक्षरांच्या किमतींची बेरीज हे वर्ष असू शकतं. ते काम फारसी जाणणाऱ्याचं.

सुरसन म्हणजे मराठी दप्तरातला अरबी आकडा. “इहिदे सितैन मया व अलफ” म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ६००. ११६१ मध्ये ६०० मिळवा, पुन्हा पानिपतच येईल. दगडावर हे कमी दिसतं, घरातल्या सनदा आणि पत्रांत हमखास.

संस्कृत श्लोकात वर्ष शब्दांत लपवलेलं असतं: चंद्र म्हणजे १, नेत्र २, वेद ४, बाण ५, रस ६, वसू ८, आकाश शून्य. आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. “नेत्र-वसु-रस-चंद्र” असं दिसलं तर २, ८, ६, १ हे उलट लावून १६८२.

आता खास आपल्याकडचा सापळा. आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदी शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच, पण कृष्ण पक्षात त्यांचा महिना एक पाऊल पुढे. म्हणून गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी आणि शेजारी भाद्रपद कृष्ण अष्टमी, दिवस मात्र तोच. छत्रीचा खर्च मराठी सरदाराचा आणि कोरणारा स्थानिक असेल तर लेखात कोणती पद्धत? “वद्य” लिहिलं असेल तर आपली असण्याचा संभव जास्त, “वदी” असेल तर त्यांची. वारही दिला असेल तर प्रश्न सुटतो: दोन्ही तारखा जुन्या पंचांगात पाहा, वार जिच्याशी जुळेल ती खरी. वारांची नावं लेखात भारदस्त असतात. भृगुवासर शुक्रवार, मंदवासर शनिवार, इंदुवासर सोमवार, भौमवासर मंगळवार.

साठ वर्षांच्या चक्रातल्या संवत्सराचं नाव असेल तर आणखी एक पडताळा मिळतो. शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० नं भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १६८२ ला बाकी १४, चौदावा ‘विक्रम’ नावाचा संवत्सर. बरोबर. पण ही दक्षिणेची, म्हणजे आपल्या पंचांगाची रीत. उत्तरेच्या पंचांगात नाव दहाहून अधिक घरं पुढे असतं, म्हणून न जुळल्यास आधी उत्तरेची यादी लावून पाहा.

माणसांना विचारणे

दगड झाला की माणसं. पुजारी, माळी, समोरचा दुकानदार आणि त्या घराण्याची माणसं सापडली तर सोन्याहून पिवळं. प्रश्न मोकळा विचारा. “ही शितोळ्यांची ना?” असं विचारलं तर उत्तर “हो” येणारच. “ही कोणाची म्हणतात?” असं विचारा आणि गप्प बसा.

घराण्याकडून तिथी मागा. श्राद्ध तिथीनं होतं, म्हणून आजोबांच्या आजोबांची तिथी घरात जिवंत असते आणि वर्ष कुणालाच आठवत नाही. दगडावर नेमकं उलटं: वर्ष शाबूत, तिथी झिजलेली. दोन्ही जोडली की तारीख पुरी होते. त्यानंतर तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबक, प्रयाग, काशी, गया इथे घराण्यातलं कोणी गेलं असेल तर त्याचं नाव, गाव, वडील-आजोबा, भाऊ, मुलं आणि सहीसुद्धा सापडू शकते. वंशावळीसाठी याहून भरवशाची चीज मला माहीत नाही. फक्त शोध घराण्यातल्याच व्यक्तीनं घ्यावा, उपाध्ये परक्याला वही उघडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

कागदपत्रं शोधताना दोन्ही वळणं लक्षात ठेवा. शिंदे आणि सिंधिया, फाळके आणि फालके, शितोळे आणि शीतोले. हिंदी नोंदींत ळ चा ल होतो. इंग्रजीत तर एका आडनावाची चार रूपं. १९०८ सालचं संस्थानाचं गॅझेटियर आणि एम. बी. गर्दे यांच्या काळातले संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे वार्षिक अहवाल आधी चाळा, तुमची वास्तू त्यात असली तर निम्मं काम झालं. गोऱ्यांच्या कबरींसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत बंगाल इलाख्याच्या दफन-नोंदी आहेत आणि १९७६ मध्ये स्थापन झालेली ‘ब्रिटिश असोसिएशन फॉर सेमिटरीज इन साउथ एशिया’ अशा नोंदी गोळा करते.

नोंदपत्र

एका वास्तूला एक कागद. त्यात एवढं असावं:

- स्थानिक नाव, मोहल्ला, जवळची ठळक खूण
- अक्षांश-रेखांश, मोबाइलच्या नकाशातून
- प्रकार, दिशा, लांबी-रुंदी, खांबांची संख्या, दगड की वीट-चुना
- लेख जसाच्या तसा, आणि खाली वेगळा तुमचा अर्थ
- सांगणाऱ्याची ओळख, त्याची हरकत नसेल तरच नावासह
- आजची अवस्था, भेटीची तारीख

अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत लिहिले की हिशेबानं मीटरभरात जागा सापडते, मोबाइलची स्वतःची चूक मात्र त्याहून जास्त असते, म्हणून ठळक खूण हवीच. फोटो चारही बाजूंचे, मग तपशिलाचे. एक प्रत स्वतःकडे, एक घराण्याकडे, एक जिल्ह्याच्या किंवा गावच्या ग्रंथालयात, आणि ती कागदावर छापलेली. हार्ड डिस्कवर माझा फार विश्वास नाही.

ज्या ठिकाणी मूर्ती सुटी आहे किंवा राखण नाही, तिथला अचूक ठावठिकाणा जाहीर टाकू नका. चोरांनाही नकाशा वाचता येतो.

पडझड दिसली तर

स्वतः दुरुस्ती करू नका, वर्गणी काढून तर नाहीच. उत्साहानं ओतलेलं सिमेंट चुन्याच्या जोडणीत पाणी कोंडतं आणि पुढच्या काही पावसाळ्यांत दगडच फुटतो. ऑइल पेंट त्याहून वाईट. पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, मुळांबरोबर दगड सुटतात. फांद्या छाटून कळवा.

केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण लष्करातल्या बहुतेक लहान छत्र्यांना हे कवच नाही. तिथे अर्ज द्यायचा तो महापालिका आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे, जोडीला राज्य पुरातत्त्व खात्याला प्रत. अर्जाला नोंदपत्र आणि तारखेसह फोटो जोडा, शिक्क्याची पोच मागून घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा: “ही जागा नोंदीत कोणाच्या नावे आहे?” तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या उत्तरात खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला तुकड्याचा क्रमांक, आला की तोही नोंदपत्रात चढवा, आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर त्याच चार जागांवरून तेच चार फोटो पुन्हा काढत जा.